दृष्टिपटलातील जनुके वाचण्यामागचा इतिहास

शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत जनुकसंच एकच असतो. त्यातली कोणती जनुके चालू आहेत, हे त्या पेशीतल्या आरएनएवरून, म्हणजे चालू जनुकांच्या नकलांवरून, कळते. डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, याच्या बाबतीत ते वाचणे फार अवघड ठरले.

स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पडद्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रेखाटल्या. जनुकांपर्यंत पोहोचायला मात्र १९८३ उजाडले. त्या वर्षी जेरेमी नेथन्स आणि डेव्हिड हॉग्नेस यांनी गाईच्या रोडॉप्सिनचे (दंडपेशींतल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाचे) जनुक वेगळे केले. १९९० मध्ये माणसाच्या रोडॉप्सिन जनुकातला एक बदल रेटिनायटिस पिगमेंटोसा या हळूहळू नजर घालवणाऱ्या आनुवंशिक आजाराला कारणीभूत असल्याचे दिसले. शोध अजून एकेका जनुकाचाच होता. नंतर आलेल्या, चिपवर जनुकांचे नमुने बसवलेल्या मायक्रोअ‍ॅरेने हजारो जनुके एकदम तपासता येऊ लागली, पण चिपवर आधीच बसवलेली तेवढीच.

२००८ च्या सुमारास आरएनए सिक्वेन्सिंगने ही मर्यादा मोडली. आरएनएपासून डीएनए बनवायचा, त्याचे तुकडे वाचायचे आणि मोजायचे. एकाच जनुकाच्या आरएनएची वेगवेगळी जोडणी (स्प्लायसिंग) त्यात दिसते. दृष्टिपटलासाठी हे फार मोलाचे, कारण पीआरपीएफ३१ सारखी स्प्लायसिंग चालवणारी जनुके शरीरभर लागतात, तरी त्यांतल्या बिघाडाने जाते ती नजर.

खरी अडचण वेगळीच होती. उंदराच्या दृष्टिपटलात मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींचेच प्रचंड बहुमत असते; मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशी एक टक्क्याच्या आसपास. सगळा ऊतक एकत्र वाटून वाचला की दंडपेशींच्या आवाजात बाकीच्या बुडतात. आजारात दंडपेशी मेल्या, तर त्यांच्या जनुकांचे आकडे घसरतात. जनुक मंदावले की पेशीच उरली नाही, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. माझ्या मते या क्षेत्रातला हाच सर्वांत मोठा फसवा सापळा.

तो सुटला २०१५ मध्ये. इव्हान मकॉस्को, स्टीव्हन मॅककॅरोल आणि सहकाऱ्यांनी ड्रॉप-सेक पद्धतीत एकेक पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबात पकडली, तिच्या आरएनएवर खुणेचा बारकोड लावला आणि उंदराच्या दृष्टिपटलातल्या ४४,८०८ पेशींचे ३९ गट पाडले. पुढच्याच वर्षी नुसत्या बायपोलर पेशींचे (प्रकाशपेशींकडून गँग्लियन पेशींकडे संदेश पोहोचवणाऱ्या मधल्या पेशींचे) १५ प्रकार निघाले.

पण उंदराला फोव्हिया, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यातला सर्वांत तीक्ष्ण नजरेचा खळगा, नसतो, आणि बारीक अक्षरे आपण त्याच भागाने वाचतो. म्हणून २०१९ मध्ये मकाक माकडाचा फोव्हिया आणि परिघ वेगवेगळे वाचले गेले. बहुतेक पेशीप्रकार दोन्हीकडे तेच निघाले. फरक होता त्यांच्या प्रमाणात आणि चालू जनुकांत.