ई६ आणि ई७ प्रथिने

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची (एचपीव्ही) दोन कर्करोगकारक प्रथिने. आकाराने किरकोळ : ई६ साधारण दीडशे अमिनो आम्लांचे, ई७ शंभरेक. गर्भाशयमुखाच्या जवळपास सर्व कर्करोगांमागे हा विषाणू असतो. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात असले, तरी सुमारे ७० टक्के रुग्णांत १६ किंवा १८ क्रमांकाचा प्रकार सापडतो. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने हे दोन्ही प्रकार १९८३-८४ मध्ये शोधले. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल मिळाले.

विषाणूचा डीएनए जेमतेम आठ हजार बेस-जोड्यांचा. त्याच्या प्रती काढणारे पॉलिमरेज त्याच्यापाशी नाही, पेशीचेच वापरावे लागते. अडचण अशी, की या प्रती मोठ्या संख्येने निघतात त्या अस्तराच्या वरच्या थरांत, आणि तिथल्या पेशींनी विभाजन केव्हाच आवरते घेतलेले असते. ते पुन्हा सुरू करायचे काम ई७ चे. एरवी पेशीचेच आरबी हे प्रथिन ई२एफ या घटकाला धरून ठेवते, वाढीचा संकेत आल्याखेरीज सोडत नाही. ई७ आरबीला चिकटून त्याचा निकाल लावते. ई२एफ मोकळा सुटतो आणि डीएनए बनवणारी जनुके चालू होतात.

अशी अवेळी विभाजनाला लागलेली पेशी खरे तर टिकू नये. पी५३ हे प्रथिन तिला थांबवते, नाहीतर मरायला लावते. म्हणून ई६ हवे. ते पी५३ ला स्वतः तोडत नाही; पेशीतलेच ई६एपी हे विकर हाताशी धरून पी५३ वर युबिक्विटिनची खूण करवते, पुढचे काम प्रोटिएसोम, म्हणजे अशी खूण केलेली प्रथिने तोडणारी पेशीतली यंत्रणा, करते. इतर कितीतरी कर्करोगांत पी५३ चे जनुकच बिघडलेले असते. इथे जनुक बहुधा शाबूत असते, प्रथिन मात्र टिकू दिले जात नाही. शिवाय ई६ टेलोमरेज हे गुणसूत्रांची टोके राखणारे विकर जागे करते, त्यामुळे पेशीने किती वेळा विभागावे यावरची मर्यादाही उठते.

पेशीचा कर्करोग होण्यात मात्र विषाणूचा फायदा काहीच नाही. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या थोड्या संसर्गांत त्याचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात शिरतो, आणि पुष्कळदा तुटते ते नेमके विषाणूच्याच ई२ या प्रथिनाचे जनुक. ई६-ई७ ना आवर घालणारे प्रथिन हेच. आवर सुटतो, पेशी वाढत सुटते, पण तिच्यातून नवा विषाणू बाहेर पडत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा हेला पेशींचा. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या या पेशींत एचपीव्ही-१८ चा डीएनए आहे. अनेक दशके प्रयोगशाळांत अखंड वाढलेल्या या पेशींत ई२ बाहेरून घातले, की ई६-ई७ बंद पडतात, पी५३ आणि आरबी कामाला लागतात आणि पेशी विभागायच्या थांबतात.

आरबी निकामी झाले की पेशीत पी१६ हे प्रथिन साठते. बायोप्सीच्या कापावर त्याचा गडद तपकिरी रंग दिसला, तर पॅथॉलॉजिस्टला ई७ चा संशय येतो. लस मात्र या प्रथिनांना हात लावत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅकसह सध्याच्या एचपीव्ही लसी विषाणूच्या कवचातील एल१ या प्रथिनावर बेतलेल्या आहेत. त्या नवा संसर्ग रोखतात, आधीच बिघडलेल्या पेशींवर त्यांचा इलाज चालत नाही.