शूटिंगला घोडा हवाय? आधी कागद बघा, मग घोडा

पुण्यात शॉर्टफिल्म, वेबसिरीज, जाहिराती करणारी मंडळी ढीगभर आहेत आणि ऐतिहासिक विषय म्हटला की घोडा आलाच. प्राण्याची परवानगी काढली का असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, पोलिसांचं पत्र आहे, महापालिकेचं लोकेशन परमिशन आहे, झालं की! नाही झालं. ती दोन्ही पत्रं जागेची आहेत. प्राण्याची परवानगी अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड देतं, म्हणजे भारतीय प्राणी कल्याण मंडळ, आणि त्यांचं ऑफिस आता हरियाणात बल्लभगडला आहे. 2018 च्या आधी ते चेन्नईला होतं आणि नेटवर अजून तोच पत्ता फिरतोय, त्यामुळे जुनी माहिती वाचून कागद पाठवू नका.

कायदा 1960 चा, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा, आणि त्याखालचे नियम 2001 चे. मूळ कायद्यात तिकीट लावून होणाऱ्या खेळांचा उल्लेख आहे म्हणून काहीजण वाद घालतात की आमच्या शोला तिकीट कुठंय, पण 2001 च्या नियमांत सिनेमा आणि घोड्यांचे कार्यक्रम स्पष्ट धरलेत. आणि प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव, त्यामुळे अंगणातली कोंबडी आणि फिशटँकमधला मासासुद्धा आला. युट्यूबला टाकणार, सेन्सॉरला जाणारच नाही, हेही कारण चालत नाही, कारण नियम प्राण्याच्या वापराचा आहे, तुम्ही नंतर तो कुठं दाखवता याचा नाही.

आता जिथं बहुतेक अर्ज अडकतात तो कागद, प्राण्याच्या मालकाचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. प्रत्येकाला वाटतं अर्ज आपण करायचा, आपले कागद लागतील. पण ज्याचा घोडा आहे त्याने तो परफॉर्मिंग अ‍ॅनिमल म्हणून, म्हणजे खेळात किंवा सिनेमात काम करणारा प्राणी म्हणून, आधीच नोंदवलेला असावा लागतो, तसा नोंदवलेला नसेल तर तुमचं पॅनकार्ड, स्क्रिप्ट, कंपनीचं लेटरहेड सगळं असून उपयोग नाही. वरातीला घोडा देणाऱ्याला विचारलं तर तो मोबाईलमध्ये लसीकरणाच्या कागदाचा फोटो दाखवतो, फार तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली खरेदीची पावती काढतो, आणि म्हणतो एवढ्या शूटिंगला दिलाय साहेब कुणी विचारलं नाही. त्याचं खोटं नसतं, खरंच कुणी विचारलेलं नसतं. पण अडकणार तुम्ही, तो नाही. म्हणून रेट ठरवायच्या आधी, अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी सर्टिफिकेट बघायला मागा, आणि बघितलं की नुसता शिक्का बघून परत देऊ नका, वाचा. त्यात कुठला प्राणी आणि कुठल्या प्रकारचं काम हे लिहिलेलं असतं. नोंद साध्या चालण्या-पळण्याची आणि तुमच्या सीनमध्ये घोडा मागच्या पायांवर उभा राहतोय असं असेल तर प्रश्न येणारच.

दुसरा कागद फिटनेस सर्टिफिकेटचा, तो पशुवैद्यकाकडून. हा मिळतो सहज पण लिहिलेला असतो निष्काळजीपणे, "पांढरा घोडा, तब्येत उत्तम" एवढंच. वय, रंग, कपाळावरचा पट्टा, पायावरची खूण, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि तारीख, एवढं तिथंच उभं राहून लिहून घ्या. शूटिंगच्या दिवशी ठरलेला घोडा लंगडला म्हणून दुसरा आणला तर आधीचा कागद त्याला लागू होत नाही, हे सेटवर कुणाला ऐकायचं नसतं.

प्राण्याचं वय, सीन काय, किती वेळ, ट्रेनिंग कसं दिलं, हाच प्राणी का लागतोय, ही माहिती फॉर्ममध्ये भरायची असते, त्यात विशेष काही नाही. फक्त सीन खरा लिहा. "घोडा मिरवणुकीतून जातो" असं मोघम लिहायचं आणि प्रत्यक्षात शेजारी ढोल-ताशा पथक आणि फटाके, हे नियमात बसत नाही, मोठा आवाज आणि स्फोट यांच्या जवळ प्राणी ठेवायचा नाही असं स्पष्ट आहे. आग जवळ नको, गुळगुळीत फरशीवर मॅट शिवाय चालवायचं नाही, गुंगीचं औषध नाही, प्राण्यांची झुंज नाही, आजारी किंवा गाभण प्राणी वापरायचा नाही. ढोल वेगळा शूट करा, एडिटिंगमध्ये जोडा. आणि प्राणी व्हीएफएक्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेला असेल तर सुटलो असं समजू नका, तो खोटा आहे याचा पुरावा मागतात, तेव्हा मेकिंगच्या फाइल डिलीट करू नका.

तारखेबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. शूटिंगच्या आधी अर्ज टाकला म्हणजे पुरतं असं नाही, परवानगी हातात आल्यावर शूटिंग करायचं असतं. बोर्डाकडून शंका आली, उत्तर दिलं, परत शंका आली, असं होतंच, आणि ऑफिस तुमच्या कॉलशीटवर, म्हणजे शूटिंगच्या वेळापत्रकावर, चालत नाही. आता एवढ्या लांबच्या ऑफिसने एकदाच सगळ्या शंका का काढू नयेत हे मलाही कळत नाही, पण वेळ हाताशी ठेवा. शूटिंग झाल्यावर दुसरा टप्पा आहे, प्राणी असलेले सीन आणि कागद परत बोर्डाला दाखवून एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, घ्यायची. "कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही" ही पाटी स्वतः टाकली की काम झालं असं समजणारे इथं आपटतात. 1960 च्या कायद्यात नोंदणीशिवाय खेळ केल्याचा दंड 500 रुपयांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, त्यामुळे 500 रुपये ऐकून लोक हसतात. पण सेन्सॉर बोर्ड एनओसी मागतं आणि ती नसेल तर सिनेमा तिथंच अडकतो, सीन कापावा लागतो, हा खरा दंड.

काही प्राण्यांसाठी अर्जच करू नका. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना खेळात वापरायला 1998 पासून बंदी आहे, 2011 ला त्यात बैल आला. बैलगाडा शर्यतीचा मार्ग राज्याच्या 2017 च्या कायद्याने वेगळा काढला आणि सुप्रीम कोर्टाने मे 2023 ला तो मान्य केला, पण ती परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडची आणि फक्त शर्यतीची, यात्रेच्या घाटात तुमचा हिरो गाडा पळवतोय हा सीन त्यात बसत नाही. नाग, धामण, आपला हिरवा पोपट हे सगळे वन्यजीव कायद्यात आहेत, सर्पमित्र ओळखीचा आहे म्हणून साप रीलमध्ये आणला तर गुन्हा तुमच्यावरही लागू शकतो. वाढदिवसाला मकाव (मोठा परदेशी पोपट) घेऊन येणारे शोवाले असतील तर त्यांना परदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या 2024 च्या नियमाखालची, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंद दाखवायला सांगा, असे प्राणी पाळल्याची 2020 ला स्वेच्छेने दिलेल्या माहितीचा कागद त्याच्या जागी चालत नाही. आणि कात्रजच्या प्राणीसंग्रहालयातून एखादा प्राणी शूटिंगपुरता मिळेल का, असं विचारणारे दरवर्षी भेटतात. मिळत नाही.