'ने' म्हणजे हो: फोनवर ग्रीक बोलणाऱ्या यंत्रांची पार्श्वभूमी

ग्रीसमध्ये बोलीची भाषा कारभाराची झाली ती १९७६ मध्ये. तरी दफ्तर आणि तोंड यांतलं अंतर उरलंच. अथेन्समधल्या एका मोठ्या रस्त्याचं कागदोपत्री नाव '२८ ऑक्टोबर', लोक मात्र 'पातिसिओन'च म्हणतात. फोनवर पत्ता ऐकून घेणाऱ्या यंत्राला नुसती सरकारी यादी दिली, तर पत्ता सांगणाऱ्याचं काही खरं नाही.

१९९० च्या दशकात युरोपीय प्रकल्पांतून टेलिफोनवरचे ग्रीक आवाज गोळा झाले. २००० साली व्हॉइसएक्सएमएल ही फोनवरचे बोलके संवाद लिहिण्याची संगणकी भाषा आली आणि 'एक दाबा'च्या जागी 'बोला' म्हणणं सोपं झालं. खरी डोकेदुखी तिथून सुरू होते, आणि ती दोन अक्षरांचीसुद्धा नाही.

'ने' म्हणजे हो, 'ओही' म्हणजे नाही. पण ग्रीक माणूस फोन उचलतानाही 'ने?' म्हणतो आणि समोरच्याचं ऐकताना आपल्या 'हं, हं'सारखं 'ने, ने' करत राहतो. तिकीट काढून देणारं यंत्र 'थेसालोनिकी (ग्रीसमधलं एक शहर), उद्या सकाळी' म्हणत असताना मध्येच आलेलं 'ने' हुंकार समजायचं की तिकिटाला होकार? नकाराचीही तीच गत. मान वर उडवून जीभ 'त्स' वाजवली की नाही झालं, पण फोनवर मान दिसत नाही.

यावर एक तोडगा असा, की यंत्राचं वाक्य संपेपर्यंत ऐकणंच बंद ठेवायचं. चूक टळते, पण फोन करणाऱ्याला शाळेतल्यासारखं गप्प बसावं लागतं. याला सोय म्हणणं कठीण आहे. दुसरा तोडगा होकार मागतच नाही. 'थेसालोनिकीला कोणत्या दिवशी?' असा पुढचाच प्रश्न टाकायचा. चुकलं असेल तर माणूस आपणहून 'ओही, पात्रा' असं दुसऱ्या शहराचं नाव सांगतो. हा मार्ग कितीतरी माणसासारखा, पण माघार घेता येईल अशी रचना आधीपासून करावी लागते, आणि ती महाग पडते.

आदरार्थी 'एसीस' वापरावं हे आपल्या 'तुम्ही'इतकं उघड आहे. अडतं ते 'नक्की ना?' विचारताना: पुरुषाला 'सीगुरोस', बाईला 'सीगुरी'. आवाजावरून अंदाज बांधण्यापेक्षा वाक्यच बदललेलं बरं.

२०११ मध्ये ॲपलच्या फोनमधली बोलकी सहाय्यक सिरी आली तेव्हा ग्रीक तिच्या भाषांत नव्हती. २०२२ पासून ग्रीकसह अनेक भाषांतलं बोलणं लिहून घेणारी, कुणालाही वापरता येणारी खुली एआय मॉडेलं हाताशी आली आणि २०२३ च्या अखेरीस सरकारी सेवांसाठी ग्रीक डिजिटल सहाय्यकही आला. शब्द ओळखणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. मधल्या 'ने'वर थांबायचं की बोलत राहायचं, हे मात्र आजही रचना करणाऱ्यालाच ठरवावं लागतं.