छ्यू ज्यूच्या गावचा प्रमुख : कन्फ्यूशियसी आदर्शांची कसोटी

जांग यीमोउ यांच्या ‘छ्यू ज्यूची फिर्याद’ (१९९२) या चिनी चित्रपटातील गावप्रमुख वांग शानतांग याच्या वागण्याची, कन्फ्यूशियसच्या राज्यकर्त्याविषयीच्या अपेक्षांवरून केलेली पारख. चेन युआनबिन यांच्या लघुकादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. छ्यू ज्यू साकारणाऱ्या गाँग ली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या.

कथा वायव्य चीनमधील शेन्सी प्रांतातल्या मिरची पिकवणाऱ्या खेड्यात घडते. छ्यू ज्यूच्या नवऱ्याला शेतजमिनीवर मिरचीसाठी शेड बांधायची असते. प्रमुख नियमावर बोट ठेवून नकार देतो. बाचाबाचीत नवरा त्याला ‘कोंबड्या पाळणारा’ म्हणून हिणवतो, कारण प्रमुखाला चार मुली आहेत, मुलगा नाही. चिडलेला प्रमुख त्याला जांघेत लाथ घालतो. निर्वंश राहणे ही आईबापांची सर्वांत मोठी अवज्ञा, असे कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विचारवंत मेन्शियसने म्हटले आहे. टोमणा त्याच परंपरेच्या वर्मी लागतो आणि लाथही नेमकी वंशाच्या मुळावर बसते. गावचा प्रमुख म्हणून त्याने दोनचार फटके मारले तर चालेल, पण तिथे लाथ मारायची नाही, हे पोटुशा छ्यू ज्यूचे म्हणणे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रमुखाचा वडीलकीचा हक्क ती मान्यच करते. तिला हवी आहे ती चुकीची कबुली.

‘लुन यू’ या कन्फ्यूशियसच्या संवादसंग्रहात त्याचा शिष्य त्झकुंग म्हणतो की सज्जनाची चूक ग्रहणासारखी असते : ती सगळ्यांना दिसते आणि तो सुधारला की सगळे मान वर करून त्याच्याकडे पाहतात. चूक करून ती न सुधारणे हीच खरी चूक, असे खुद्द कन्फ्यूशियसचे मत. या मापाने लाथेपेक्षा नंतरचा प्रसंग जड ठरतो. पोलीस अधिकारी ली २०० युआन भरपाई ठरवून तडजोड घडवतो. छ्यू ज्यू पैसे घ्यायला येते तेव्हा प्रमुख नोटा जमिनीवर भिरकावतो. नोटा वीस आहेत. एकेक उचलताना माझ्यापुढे मान झुकेल आणि वीस वेळा झुकली की हिशेब मिटला, असे तो सुनावतो. ती एकाही नोटेला हात लावत नाही. राज्यकर्त्याचे शील वाऱ्यासारखे आणि प्रजेचे गवतासारखे, वारा वाहील तसे गवत लवते, ही कन्फ्यूशियसची प्रसिद्ध उपमा आहे. इथे शील बाजूलाच राहिले आहे आणि लवण्याची मात्र सक्ती चालली आहे.

समेटासाठी ली स्वतःच्या पैशाने मिठाई आणतो आणि ती प्रमुखाने पाठवली असे सांगतो. खरे कळताच छ्यू ज्यू ती परत करते. माणुसकी नसेल तर विधी-उपचारांना काय अर्थ, असे विचारणाऱ्या कन्फ्यूशियसला तिची बाजू पटली असती.

तरीही प्रमुख दुर्जन नाही. छ्यू ज्यू बाळंतपणात अडते त्या रात्री तोच माणसे गोळा करतो आणि तिला बर्फातून इस्पितळात पोहोचवतो. अनेक प्रेक्षक इथे त्याला माफ करून टाकतात. करुणा, म्हणजे ‘रेन’, त्याच्यात निश्चित आहे. पण कबुलीचा शब्द तो शेवटपर्यंत उच्चारत नाही. उपकाराने अपमान फिटला असे धरणे म्हणजे प्रमुखाकडून फारच थोडे मागणे होय. कन्फ्यूशियस सत्ताधाऱ्याला इतक्या स्वस्तात सोडत नाही.

दरम्यान फिर्याद तालुका, शहर आणि न्यायालय असा प्रवास करून आलेली असते. सरकारी निर्णयाविरुद्ध नागरिकाला दावा लावू देणारा कायदा चीनमध्ये १९९० मध्येच लागू झाला होता. बाळ महिन्याचे झाल्याच्या मेजवानीला प्रमुखालाही आमंत्रण असते. त्याच दिवशी, त्या मारहाणीत नवऱ्याची बरगडी मोडल्याचे क्ष-किरण तपासणीत दिसले म्हणून, प्रमुखाला १५ दिवसांच्या कोठडीसाठी नेले जाते. छ्यू ज्यू रस्त्यापर्यंत धावते. तिने हे मागितलेच नव्हते. शिक्षेच्या धाकाने लोक गुन्हा टाळतात, पण त्यांच्यात लाज रुजत नाही, हे ‘लुन यू’मधले निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडते. प्रमुख कोठडीत जातो तोही लाज न वाटताच.

बीजिंग विद्यापीठाचे कायदेपंडित जू सूली यांनी १९९६ मध्ये याच शेवटावरून औपचारिक कायदा आणि गावातले न्यायभान यांच्यातील दरी दाखवली. त्यांनी तुलनेसाठी सोबत घेतलेला शानगांग आजोबा हा दुसऱ्या चित्रपटातील गावप्रमुख स्वतः निःस्वार्थी आहे, पण सासूला छळणाऱ्या सुनेची तो बांधून धिंड काढतो आणि ती गळफास घेते. शील असूनही त्याने शिकवण्याऐवजी शिक्षा निवडली. न शिकवता देहदंड देणे हे कन्फ्यूशियसने सांगितलेल्या राज्यकर्त्याच्या चार दोषांतले पहिले आहे.