फुलायला विसरलेली वेल

मनी प्लांटविषयी दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात : ती घरात लावली की पैसा टिकतो आणि ती घरातील हवा शुद्ध करते. पहिल्या विधानाला कुणी पुरावा मागत नाही. दुसऱ्याला ‘नासा’चे नाव चिकटलेले असल्याने ते मात्र विज्ञान म्हणून निःशंकपणे स्वीकारले जाते. प्रत्यक्षात या वेलीचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य यांपैकी कोणतेच नाही, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर असूनही सहसा लक्षात येत नाही. वर्षानुवर्षे घरात वाढणाऱ्या या वेलीला फूल आलेले आपण कधीच पाहिलेले नसते.

तिचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. अळू आणि सुरण ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वेल मूळची प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियामधल्या मूरेआ बेटावरची. १८८० साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा तिची गणना ‘पोथॉस’ या प्रजातीत करण्यात आली. वनस्पतींचे वर्गीकरण तेव्हा मुख्यतः फुलांच्या रचनेवर आधारलेले असल्याने फूलच न दाखवणाऱ्या या वेलीने वनस्पतिशास्त्रज्ञांना बराच काळ चकवले आणि १९६०च्या दशकात तिची दुर्मीळ फुले अभ्यासता आल्यानंतर ती सध्याच्या प्रजातीत आली. पोथॉस हे जुने नाव रोपवाटिकांमध्ये अजूनही टिकून आहे.

ती फुलत का नाही, याचा उलगडा २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून झाला. फुलोरा येण्यासाठी जिबरेलिन हे संप्रेरक आवश्यक असते आणि ते तयार करण्याच्या साखळीतील एक जनुक या वेलीत नीट कार्य करत नाही. संशोधकांनी बाहेरून जिबरेलिन फवारले तेव्हा मात्र तिला फुले आली. म्हणजे फुलोऱ्याची सारी यंत्रणा शाबूत आहे, तिला जाग आणणारा निरोपच तेवढा पोहोचत नाही.

फुले नाहीत म्हणून बिया नाहीत, आणि बिया नसल्याने घराघरांतील प्रत्येक मनी प्लांट हा दुसऱ्या एखाद्या मनी प्लांटचा तुकडा असतो. तिच्या खोडाच्या प्रत्येक पेरापाशी हवाई मुळाचा उंचवटा आणि नव्या फांदीचा एक सुप्त अंकुर असतो. पेरासह कापलेली फांदी पाण्यात ठेवली की काही दिवसांत मुळे लांबतात आणि अंकुर जागा होतो. पेर नसलेले नुसते पान कितीही दिवस पाण्यात ठेवले तरी त्यापासून नवी वेल होत नाही. एका फांदीतून दहा रोपे करता येणे, दुर्लक्ष झाले तरी न मरणे, सावलीतही हिरवे राहणे या गुणांमुळे समृद्धीचे प्रतीक म्हणून या वेलीची निवड झाली असावी, असे मला वाटते. चोरून आणलेली फांदीच चांगली लागते, ही समजूतही अशीच टिकली असणार. मागून आणलेली फांदी तितकीच चांगली लागते, पण त्याची गोष्ट होत नाही.

वास्तुशास्त्राच्या नावाने ही वेल घराच्या आग्नेय कोपऱ्यात ठेवावी असे सांगतात. मात्र प्रशांत महासागरातील एका बेटावरच्या वेलीविषयीचा हा नियम प्राचीन असल्याचा दावा जपूनच घ्यावा. त्या कोपऱ्यात खिडकी असेल आणि सकाळचे सौम्य ऊन येत असेल, तर वेलीला ती जागा मानवेल, पण त्याचे श्रेय उन्हाचे आहे.

आता हवेविषयी. १९८९ सालच्या ‘नासा’च्या अहवालातील प्रयोगांत कुंड्या बंदिस्त पेट्यांमध्ये ठेवून बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारख्या घातक वायूंचे प्रमाण किती घटते हे मोजले होते. ते प्रयोग खोटे नव्हते. पण आपले घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. दारे, खिडक्या आणि फटींमधून हवा सतत बदलत असते आणि त्या वेगापुढे झाडाचे काम नगण्य ठरते. अशा अनेक प्रयोगांच्या आकडेवारीचा २०१९ साली पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा केवळ या नैसर्गिक वायुवीजनाची बरोबरी करण्यासाठी दर चौरस मीटर जागेत १० ते १,००० झाडे लागतील, असे दिसून आले. खिडकी उघडणे अधिक सोपे आहे. रात्रीही ही वेल प्राणवायू देते, हेही खरे नाही; अंधारात तीही आपल्यासारखीच प्राणवायू वापरते. हवा शुद्ध करणारा मनी प्लांट हवाच असेल, तर त्यासाठी वेल बदलावी लागते. २०१८ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सशाचे एक जनुक या वेलीत घातले, तेव्हा प्रयोगनळीतील क्लोरोफॉर्म या घातक रसायनाचे प्रमाण तीन दिवसांत ८२ टक्क्यांनी घटले.

डोळ्यांना लाभणारा हिरवेपणा आणि हाताला मिळणारे थोडे काम, हा फायदा मात्र निर्विवाद आहे. त्याबरोबर दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. वेल बाटलीत ठेवली असेल तर पाणी आठवड्यातून एकदा बदलावे आणि बाटली आतून घासावी, कारण डेंग्यू पसरवणारे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात आणि त्यांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. दुसरे म्हणजे या वेलीच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूने घसा खवखवतो तो याच स्फटिकांमुळे. लहान मूल, मांजर किंवा कुत्रा यांनी पान चावले तर तोंडाची आग होते आणि सूज येते, म्हणून कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

वेल खाली लोंबू देऊ नये, ती वर चढली तरच भरभराट होते, अशीही एक समजूत आहे आणि इथे श्रद्धा व वनस्पतिशास्त्र अनपेक्षितपणे एकत्र येतात. लोंबकळणाऱ्या फांदीची पाने उत्तरोत्तर लहान होत जातात. तीच फांदी ओलसर खांबावर किंवा झाडाच्या बुंध्यावर चढवली की हवाई मुळे आधार धरतात आणि प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा मोठे येऊ लागते. उंच झाडावर मोकळेपणी चढलेल्या वेलीची पाने जवळजवळ एक मीटर लांबीची होतात, त्यांच्या कडा खोलवर चिरतात, आणि खाली उभे राहून पाहणाऱ्याला ती घरातल्या कुंडीतलीच वेल आहे हे ओळखूही येत नाही.