गिनमेर आणि पंख्यातून डागणारी तोफ

पहिल्या महायुद्धातला फ्रेंच लढाऊ वैमानिक ज्यॉर्ज गिनमेर म्हणजे किडकिडीत, आजारी पोराचा पराक्रम, अशी फ्रान्समधली दंतकथा. त्यात अर्धेच सत्य आहे. २४ डिसेंबर १८९४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या गिनमेरला सैन्याने अशक्त म्हणून नाकारले होते हे खरे. पण नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्याच पो गावच्या विमानतळावर तो शिरला तो शिकाऊ मेकॅनिक म्हणून. इंजिनाची ही जाण त्याला शेवटपर्यंत उपयोगी पडली.

१९ जुलै १९१५ रोजी मोरान पॅरासोल या दोन आसनी विमानातून त्याने पहिले जर्मन विमान पाडले. त्याचे पथक करकोच्याचे चिन्ह मिरवणारे. पुढे त्याच्या हाती स्पाड-७ हे लढाऊ विमान आले: १५० अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा इंजिन आणि फिरत्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांमधून गोळ्या सोडणारी एकच व्हिकर्स मशीनगन. डिसेंबर १९१६ मध्ये त्याने स्पाडचे रचनाकार बेशरो यांना रोखठोक कळवले की हाल्बरश्टाट हे जर्मन लढाऊ विमान स्पाडपेक्षा चांगले वर चढते, तेव्हा वेग वाढवा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवलेले १८० अश्वशक्तीचे इंजिन लवकरच आले.

त्याचा खरा ध्यास मात्र स्पाड-१२. यात इंजिन आणि पंख्याच्या मध्ये गिअर होते. त्यामुळे पंख्याचा पोकळ दांडा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, वर गेला आणि त्यातून ३७ मिलिमीटरच्या तोफेची नळी बाहेर काढता आली. जुलै १९१७ मध्ये त्याने हे विमान लढाईत वापरले. पण तोफेची मागची बाजू थेट कॉकपिटमध्ये, वैमानिकाच्या पायांमध्ये. म्हणून विमान वळवायची मधली दांडी काढून नियंत्रणे दोन्ही बाजूंना न्यावी लागली. प्रत्येक गोळा हाताने भरायचा, तोही विमान सांभाळत. तोफ डागली की विमानाला हिसका आणि कॉकपिटभर धूर. एकच नेम, तोही जवळून. हे कसब फार थोड्यांकडे होते.

११ सप्टेंबर १९१७ रोजी तो बेल्जियममधल्या पोलकापेलजवळ बेपत्ता झाला, तेव्हा त्याच्या नावावर ५३ विजय, म्हणजे पाडलेली विमाने, होते. फ्रेंच नियमानुसार पाडाव पाहणारे स्वतंत्र साक्षीदार लागत, म्हणून शत्रूच्या हद्दीत खोलवर पाडलेली विमाने सहसा धरली जात नसत.

पंख्याच्या पोकळ दांड्यातून डागण्याची कल्पना मात्र टिकली. देवातीन ५२० या १९४० च्या फ्रेंच लढाऊ विमानातही तोफ तिथेच होती. फक्त २० मिलिमीटरची आणि स्वयंचलित.