समास का हलतो

ठाण्यात जून-जुलै उजाडला की सोसायट्यांच्या वार्षिक सभांची तयारी सुरू होते. नौपाड्यातल्या डीटीपीच्या दुकानांत मग एक संवाद हमखास ऐकू येतो. चिटणीस पेन ड्राइव्ह देतात, दुकानदार फाइल उघडतो, आणि मागच्या सभेचं चार पानांचं इतिवृत्त साडेपाच पानांचं होतं. सह्यांची जागा पुढच्या पानावर एकटीच उभी राहते. ‘अहो, घरी बरोबर दिसत होतं!’ चिटणीस म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. घरी एक प्रोग्राम असतो, दुकानात दुसरा, आणि दोघांची ‘पान’ या गोष्टीबद्दलची समजूतच वेगळी. या समजुती आल्या कुठून, ते बघायचं तर टाइपरायटरपासून निघावं लागतं.

कोर्ट नाक्यावर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. कागद रोलरवर चढला की समास ठरला, आणि कळ दाबली की अक्षर जिथे उमटलं तिथेच कायमचं. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, त्यामुळे वादी-प्रतिवादींची नावं एकाखाली एक आणायची तर स्पेसबार मोजून दाबायचा. ही सवय बोटांत इतकी मुरली की यंत्र गेलं तरी ती राहिली. आजही कित्येक फाइलींत नवं पान आणण्यासाठी सतरा वेळा एंटर मारलेला सापडतो. खरं सांगायचं तर पानं पळण्याची निम्मी कारणं त्या सतरा एंटरांतच असतात, प्रोग्रामला उगाच बोल लागतो.

संगणकावरचा पहिला गाजलेला वर्ड प्रोसेसर, म्हणजे मजकूर लिहिण्याचा-मांडण्याचा प्रोग्राम, होता वर्डस्टार, १९७८ सालचा. आपल्याकडे संगणक क्लासच्या पाट्यांवर ‘वर्डस्टार, लोटस, डीबेस’ ही त्रिमूर्ती झळकायची, ती पिढी अजून नोकरीत आहे. वर्डस्टारमध्ये मजकुरातच आज्ञा लिहायच्या. ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन ‘पीए’ लिहिलं की तिथून नवं पान, ‘एमटी’ लिहिलं की वरचा समास. म्हणजे वर्डस्टारच्या लेखी दस्तऐवज हा टंकलेखकाला दिलेल्या सूचनांसह असलेला मजकूर होता.

वर्डपरफेक्ट या दुसऱ्या प्रोग्रामने हीच कल्पना पुढे नेली. मजकूर म्हणजे एक सलग ओघ. त्यात ‘इथून ठळक’, ‘इथे ठळक बंद’ अशा खुणा रोवलेल्या. एक कळ दाबली की पडद्याच्या खालच्या भागात त्या सगळ्या खुणा उघड्या पडायच्या. काही बिघडलं तर नेमकी चुकार खूण शोधून पुसता यायची. ज्यांनी ती सोय वापरली ते लोक तिची आठवण अजून काढतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

मायक्रोसॉफ्ट वर्डचं कूळ निराळं. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७४ साली ब्राव्हो नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम तयार झाला. छापील पानावर येणार तसंच पडद्यावर दिसावं, हा त्याचा ध्यास. ब्राव्होवर काम केलेले चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आला. वर्डच्या लेखी दस्तऐवज म्हणजे परिच्छेदांची रास. परिच्छेद समासापासून किती आत, ओळींतलं अंतर, मांडणी हे सगळं परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेत साठवलेलं असतं. एरवी ती खूण दिसत नाही. ती नकळत पुसली गेली की दोन परिच्छेद एक होतात आणि एकाचं रूप दुसऱ्यावर चढतं. शीर्षक अचानक मजकुरासारखं का झालं, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे सापडतं.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वर्डच्या फाइलीत ‘पान’ साठवलेलं नसतंच. मजकूर, फॉन्टचं नाव आणि मापं असतात. ओळ कुठे तुटणार आणि पान कुठे संपणार, हे फाइल उघडणारा प्रोग्राम त्या त्या वेळी हिशेब करून ठरवतो. फॉन्ट नसला तर दुसरा घेतला जातो, अक्षरांची रुंदी बदलते आणि सगळं सरकतं. कागदाचं मापही त्यात भर घालतं. लीगल कागद १४ इंच उंच, ए-फोर पावणेबारा इंचांच्याही आतच. वर्षानुवर्षं लीगलवर बेतलेले नमुने ए-फोरवर ओढले की शेवटचा परिच्छेद पानाबाहेर पडणारच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-फोरचा आग्रह धरल्यावर वकिलांच्या जुन्या नमुन्यांची अशीच तारांबळ उडाली.

इथवरची गोष्ट इंग्रजीचीही आहे. मराठीचं दुखणं याच्याही खालच्या थरातलं. इंग्रजीत फॉन्ट म्हणजे अंगावरचा कपडा. मराठीत मात्र दीड-दोन दशकं फॉन्ट ही कातडी होती. उतरवली की अक्षरच उरत नसे.

गंमत म्हणजे सुरुवात नीट झाली होती. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की विंडोजआधीच्या साध्या डॉस प्रोग्रामांतही देवनागरी उमटायची. त्यामागे इस्की ही सांकेतिक प्रणाली, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत होती, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. त्यात ‘क’ला ‘क’चाच क्रमांक होता. वेलांटी आणि जोडाक्षरं कशी दाखवायची ते यंत्र बघायचं.

मग विंडोज आलं, माउस आला, सुंदर फॉन्ट आले, आणि ते शहाणपण बाजूला पडलं. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कृतीदेवमध्ये ‘कि’ लिहिलं की फाइलीत प्रत्यक्षात एफ आणि डी ही दोन रोमन अक्षरं जायची. वेलांटी आधी, व्यंजन नंतर, अगदी टाइपरायटरसारखं. प्रोग्रामला वाटायचं हे इंग्रजीच चाललंय. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची वर्डची खोड इथे अशी नडायची की छोट्या डीचा मोठा डी व्हायचा आणि परिच्छेदाच्या सुरुवातीच्या अख्ख्या ‘क’चा अर्धा ‘क्’ होऊन बसायचा. ती सोय आधी बंद करा, मग टायपिंगला बसा, हा जुन्या डीटीपीवाल्यांचा पहिला धडा असे. अशा फाइलीचा फॉन्ट बदलला की इतिवृत्ताच्या जागी रोमन अक्षरांची भेळ. शोध चालत नाही, अकारविल्हे लावता येत नाही.

जगभरच्या लिप्यांना असेच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० सोबत त्याचा मंगल हा देवनागरी फॉन्टही आला. तरी बदल रेंगाळला. विंडोज एक्सपीत देवनागरीसाठी सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे, आणि ती सीडी दुकानात कुणाकडे असायची? शिवाय छपाईची सगळी भिस्त पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रामवर. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळतच नाही. मग छापायचं मॅटर जुन्या फॉन्टात आणि ईमेल युनिकोडमध्ये, असा दुहेरी संसार वर्षानुवर्षं चालला.

युनिकोड आल्यावर अक्षर टिकलं, पण मांडणीची भांडणं नव्याने लागली. वर्डच्या फाइलीत मजकुराच्या तुकड्याला दोन फॉन्ट आणि दोन आकार लागू शकतात, एक रोमनसाठी, एक देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. वर्डच्या जागी फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये तीन खाती आहेत: पाश्चात्त्य, पूर्व आशियाई आणि संमिश्र मांडणीच्या लिप्या, देवनागरी या शेवटच्या खात्यात. मधले अंक, कंस, पूर्णविराम कोणत्या खात्यात टाकायचे, हे जो तो आपापल्या रीतीने ठरवतो. म्हणून ‘ठराव क्र. 7’ मधला सात कधी बुटका दिसतो, कधी उंच. टाइम्स न्यू रोमन नसेल तर त्याच मापाचा लिबरेशन सेरिफ वेळ निभावून नेतो, पण लिबरेशनमध्ये देवनागरी नाहीच. मंगलच्या ओळी मुळातच उंच. त्या आवळायला कुणी ‘नेमकं अंतर’ निवडतं आणि मग रफार व मात्रा कापल्या जातात. शिवाय मंगलमधला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा, हे मराठी डोळ्याला खुपतं ते वेगळंच.

फाइलीच्या स्वरूपांचं एक युद्धही मधल्या काळात होऊन गेलं. ओपनऑफिस या लिब्रेऑफिसच्या पूर्वजाच्या बाजूचं ओडीएफ हे स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. मायक्रोसॉफ्टचं, म्हणजे डॉकएक्सचं, मानक सुमारे सहा हजार पानांचं होतं. त्यात ‘वर्ड ९५ सारखं अंतर सोडा’ अशा थाटाची कलमंही होती, म्हणजे जुन्या आवृत्तीची खोड हेच मानक! भारतीय मानक ब्यूरोने विरोधात मत दिलं, तरी २००८ मध्ये ते मंजूर झालं. आज दोन्ही बाजू एकमेकांच्या फाइली उघडतात. साधं पत्र असेल तर फरक कळतही नाही. तक्ते, तळटिपा आणि चौकटी आल्या की कळतो.

नौपाड्यातला दुकानदार यातलं काही सांगत बसत नाही. तो आधी लपलेल्या खुणा दाखवायचं बटण दाबतो, एंटरांची रांग पुसून तिथे पान तोडतो, कागद ए-फोर करतो, आणि छापण्यासाठी पीडीएफ काढतो, कारण तिथे प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. चिटणीसांनी मग १९९८ सालच्या इतिवृत्ताची फाइल पुढे केली तर मात्र तो चष्मा चढवून आधी विचारतो, ‘हे कुठल्या फॉन्टमध्ये केलं होतं, आठवतंय का?’